नातीच्या अर्जावर आबाजीची पेन्सिल

बेटा,

तुझा मसुदा झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणला आणि पेन्सिल घेऊन बसलो. मोबाइलवर वाचून मत द्यायची माझी तयारी नाही, आणि तूही मोबाइलवर वाचून तो पाठवू नकोस. ओळींमध्ये जागा सोडून छापायचं, समास मोठा ठेवायचा. भरतीचं वाक्य कागदावर लगेच सापडतं.

मसुदा फसला आहे, पण त्यात तुझा दोष थोडाच. आपल्याकडे वकिलीला प्रवेश घेताना ‘तू कोण, कशासाठी शिकतेस’ असं कोणी विचारतच नाही. सीईटी दिली, कॅपच्या फेरीत नंबर लागला, की यवतमाळचं अमोलकचंद म्हणा, नागपूरचं आंबेडकर लॉ कॉलेज म्हणा, जाऊन बसायचं. क्लॅटचंही तेच. दोन तासांत १२० प्रश्न, आणि त्या गुणांवर बंगळुरूपासून आपल्या नागपूरजवळच्या वारंग्यापर्यंत बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांची दारं उघडतात किंवा बंद होतात. ही पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यात आमदाराची चिठ्ठी चालत नाही, हे काही कमी नाही. पण मग पाच वर्षं शिकून, दोन वर्षं वणीच्या कोर्टात ज्युनिअरकी करून पोरगी लंडनला एलएलएमचा अर्ज भरायला बसते, तिथे ‘पर्सनल स्टेटमेंट’ नावाची रिकामी चौकट समोर येते, आणि पोरगी लग्नाचा बायोडाटा लिहून मोकळी होते. सुस्वभावी, कष्टाळू, वाचनाची आवड, नेतृत्वगुण. मी पेन्सिलीनं खोडत गेलो. तुझ्या मसुद्यात विशेषणं काढली तर निम्मा कागद रिकामा राहतो.

पहिला परिच्छेद पूर्ण काढ. ‘लहानपणापासून मला न्यायाची ओढ होती.’ नव्हती. लहानपणी तुला जांभळांची ओढ होती, मी साक्षीदार आहे. हे वाक्य प्रवेश समितीसमोरच्या ढिगात किती कागदांवर असेल याचा विचार कर. वाचणारा प्राध्यापक माणूसच आहे, संध्याकाळी त्यालाही घरी जायचं असतं.

दुसऱ्या परिच्छेदात तू बापूजी अण्यांना आणलंस. लोकनायक अणे आपल्या वणीत जन्मले, २९ ऑगस्ट १८८० ला. आधी अमरावतीत मास्तरकी केली, मग यवतमाळात वकिली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४३ मध्ये गांधीजींच्या उपवासावरून राजीनामा दिला, पुढे बिहारचे राज्यपाल झाले. मला अभिमान आहेच. पण ते वणीचे होते ही त्यांची गोष्ट, तू वणीची आहेस ही तुझी कमाई नव्हे. त्यांचं नाव वाचून परका वाचक तुझ्याबद्दल काय नवीन समजेल? काही नाही. बाबासाहेबांचंही तसंच. प्रेरणास्थान म्हणून नाव टाकून पुढे जायचं असेल तर नको टाकूस. तुझा विषय जमिनीचा आहे. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, त्याबद्दल तू वाचलं असशील, त्यातलं काही तुझ्या प्रश्नाला लागू पडत असेल, तर त्यावर दोन ओळी लिही. नावापेक्षा त्या दोन ओळींचं वजन जास्त.

आता मूळ सांगायचं ते. तुला दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ६, रूल २ पाठ आहे. दाव्यात आणि कैफियतीत काय लिहायचं? ज्यावर पक्षकाराची मदार आहे ती महत्त्वाची तथ्यं, तीही थोडक्यात. आणि ऑर्डर १९, रूल ३? शपथपत्रात स्वतःच्या माहितीतलं तेवढंच. तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा, ऐकीव नको, हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६० मध्ये होतं आणि नव्या साक्ष अधिनियमातही आहे. आमच्या पिढीनं सगळं आयुष्य या दोन-तीन नियमांवर काढलं. तुझा हा कागद म्हणजे स्वतःच्या बाबतीतलं शपथपत्र आहे असं समजून लिही. प्रत्येक वाक्यापाशी थांबायचं आणि समोरचा वकील उलटतपासणीला उभा आहे असं धरायचं. ‘मी नेतृत्व केलं.’ कोणाचं? कधी? काय घडलं मग? उत्तर असेल तर ते उत्तरच लिही आणि ‘नेतृत्व’ खोड. उत्तर नसेल तर वाक्यच खोड.

तू लिहिलंस, ‘कोळसा खाणीतल्या एका सामान्य कामगाराच्या घरी जन्मून मी प्रतिकूल परिस्थितीशी झगडत इथवर आले.’ इथे माझी पेन्सिल बराच वेळ थांबली. तुझे बाबा खाणीत आहेत हे खरं. पण जन्मापासून नव्हते, ते आधी कास्तकार होते. खाणीत ते कसे गेले ते तू लिहिलंच नाहीस, आणि तुझ्या सगळ्या अर्जात लिहिण्यासारखं तेच आहे. ताकाला जाऊन भांडं लपवू नये.

आपल्या भागाबाहेरच्या माणसाला माहीत नसतं, म्हणून दोन वाक्यांत सांगावं लागेल. वणीच्या आजूबाजूला, उकणी-निलजईपासून जुनाड-कोलारपिंपरीपर्यंत, पऱ्हाटीच्या वावराखाली कोळसा आहे. सरकार तो १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्यानं ताब्यात घेतं, आणि मोबदल्याच्या जोडीनं दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब असतो. बस. यापेक्षा जास्त भूगोल नको. ‘सात-बारा’ लिहिलंस तर लगेच पुढे ‘जमिनीच्या हक्काचा गावचा उतारा’ इतकं सांग, त्यांना पुरतं.

मग हे लिही. मी मराठीत लिहून देतो, इंग्रजी तू तुझं कर:

‘मी सहावीत असताना वणीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आत्याशेजारी बाकावर बसले होते. वडिलांच्या वडिलांमागे राहिलेलं साडेचार एकर वावर खाणीत जाणार होतं. सात-बारावर दोन भाऊ आणि एक बहीण. नोकऱ्या दोन. आत्यानं हक्कसोडपत्रावर सही केली, अंगठा टेकवला, कॅमेऱ्याकडे बघून फोटो दिला. स्टॅम्प दोनशे रुपयांचा होता. एक नोकरी काकांना लागली, एक माझ्या वडिलांना. त्या पगारातून माझी वकिलीची फी भरली गेली. तिसऱ्या वर्षाला वारसा कायदा शिकताना कळलं की त्या दिवशी आत्याचा हिस्सा माझ्या वडिलांइतकाच होता.’

वाच पुन्हा. यात एक विशेषण नाही. कोणाला शिवी नाही, रडारड नाही. तुझे बाबा वाईट आहेत असं कुठे म्हटलेलं नाही, कारण ते वाईट नाहीत. गावात सगळ्या बहिणींनी केलं तेच तुझ्या आत्यानं केलं. आणि तरी हा परिच्छेद वाचून परक्या माणसाच्या डोक्यात तीन प्रश्न उभे राहतात. शिवाय तू ज्या गोष्टीवर बोट ठेवतेस तिचा फायदा तुलाच झालाय, हे तू स्वतः सांगतेस. उलटतपासणीत साक्षीदाराकडून अडचणीचं सत्य दुसऱ्यानं काढून घेण्यापेक्षा त्यानं सरतपासणीतच सांगावं, हे आम्ही प्रत्येक पक्षकाराला घसा कोरडा करून सांगायचो. ऐकायचे थोडेच.

पण इथेच थांबलीस तर ती नुसती गोष्ट होईल. एलएलएमला त्यांना गोष्टीच्या पुढचा प्रश्न हवा असतो. तो तुझ्याकडे आहे, फक्त मसुद्यात शेवटून दुसऱ्या ओळीत दडवून ठेवला आहेस. वर काढ. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती ९ सप्टेंबरपासून लागू झाली, मुलगी जन्मानं सहदायाद ठरली. त्यावर निकालांत गोंधळ होता, तो सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात मिटवला: दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला बाप हयात असण्याची गरज नाही. म्हणजे हक्काबद्दल आता वाद उरला नाही. मग अडतं कुठे? जमीन वाटता येते, नोकरी वाटता येत नाही. भूसंपादनात जमिनीची नोकरी झाली की तीन वारसांचा हिस्सा दोन माणसांच्या हजेरीपटात जातो, आणि तिसरीचा एका नोंदणीकृत कागदानं संपतो. तो कागद कायद्याच्या नजरेत पक्का आहे. त्यावर ‘राजीखुशीनं’ लिहिलेलं असतं. ज्युनिअर म्हणून दोन वर्षांत असे कागद तू स्वतः टाइप केलेस. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ पासून कोळशाच्या संपादनालाही लागू आहेत. पुनर्वसन मोजताना बहिणीची ती संमती कोणी तपासावी, कधी तपासावी, तपासावीच का? तुला उत्तर माहीत नाही. तसं लिही. ‘मला याचं उत्तर माहीत नाही, ते शोधायला मी येते आहे’ असं लिहायला लाजू नकोस. सगळी उत्तरं घेऊन येणाऱ्या विद्यार्थिनीला ते एक वर्ष शिकवणार काय?

त्याच धाग्यानं पुढे ‘हेच विद्यापीठ का’ हा भाग आपोआप येतो. तू लिहिलंस, ‘आपलं विद्यापीठ जगप्रसिद्ध आहे.’ त्यांना ते माहीत आहे. संकेतस्थळावर विषयांची यादी असते, शिकवणाऱ्यांची नावं असतात. मालमत्ता कायदा, जमीन आणि विकास, स्त्रिया आणि कायदा, यातलं तिथे कोण शिकवतं ते बघ. एकाचा एक लेख पूर्ण वाच, आणि तो तुझ्या आत्याच्या कागदाला कुठे लागू पडतो, कुठे पडत नाही, ते चार ओळींत सांग. पाच विद्यापीठांना अर्ज करायचा तर हा भाग पाचदा नव्यानं लिहावा लागेल. कंटाळा केलास की एकाचं नाव दुसऱ्याच्या अर्जात जातं, आणि ते एकदा गेलं की वरचं सगळं वाया.

एक गोष्ट मात्र करू नकोस. आपण यवतमाळ जिल्ह्यातले. जिल्ह्याचं नाव घेतलं की बाहेरच्या माणसाला आत्महत्याच आठवतात, आणि त्या आठवणीवर अर्ज शेकून घ्यायचा मोह पोरांना होतो. २०१७ च्या कीटकनाशक फवारणीत विषबाधा होऊन आपल्याकडची माणसं गेली. त्यातल्या काही घरांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये, बासेलच्या कोर्टात दाद मागितली. कायद्याच्या दृष्टीनं केवढा मोठा विषय आहे. पण तू त्यावर काय काम केलंस? फाइल पाहिली, कोणाचा जबाब लिहून घेतला, दवाखान्याचे कागद लावले? काहीच नाही. मग ते दुःख तुझ्या अर्जात कशाला? ज्या पोरानं त्या प्रकरणात खरंच कागद लावले असतील त्यानं लिहावं, खुशाल लिहावं.

पक्षकारांबद्दलही जपून. तू पाहिलेल्या एका प्रकरणात बाईचं नाव, गाव, गट नंबर सगळं टाकलंस. वकिलानं पक्षकाराची गोष्ट परक्याला सांगायची नसते, हे तुला परीक्षेत दहा मार्कांना होतं. नाव-गाव काढ. आत्याची गोष्ट घरची आहे, तरी तिला विचार. बाबांनाही. बाबांना विचारणं अवघड जाईल, ठाऊक आहे मला. तुझी आई सोबत बसेल.

मार्कांवर तीन परिच्छेद खर्च केलेस. गुणपत्रिका वेगळी जोडतातच. तिसऱ्या सत्रातल्या एटीकेटीचं एका वाक्यात सांग: काय झालं, पुढच्या खेपेला किती आले. आजारपणाचं वर्णन नको, सबब तर नकोच नको. मूट कोर्टात दुसरी आलीस ते एका ओळीत बसतं.

भाषेचं. तू शब्दकोशातून मोठे मोठे शब्द उचललेस, ते माझ्या चष्म्यालासुद्धा दिसले. आधी सगळं आपल्या बोलीत मोठ्यानं सांग, मोबाइलवर रेकॉर्ड कर, मग कागदावर उतरव, मग इंग्रजी कर. वाक्य लहान ठेव. कोर्टात न्यायाधीशांसमोर साध्या इंग्रजीत बोलतेस तशी लिही. आणि कॉम्प्युटरला ‘लिहून दे’ म्हणू नकोस. हल्ली पोरं तेच करतात. तो चुका दाखवेल, ठीक आहे. पण बाकावर आत्याशेजारी कोण बसलं होतं ते त्याला कसं माहीत असणार? तो पुन्हा तुला न्यायाची ओढ लावून देईल.

शब्दमर्यादा अर्जातच दिलेली असते, ती पाळायची, ओलांडायची नाही. प्रत्येकाची वेगळी. तुझ्या मामेभावालाही सांग, त्याला बारावीनंतरच इंग्लंडला कायदा शिकायला जायचंय म्हणे. तिथे पदवीचे अर्ज यूकॅसमार्फत जातात, आणि २०२६ च्या प्रवेशापासून त्यांनी सलग निबंध बंद करून तीन प्रश्न केलेत: हा अभ्यासक्रम का, शिक्षणानं तुझी काय तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलंस. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५०. त्याला म्हणावं क्रिकेटला त्यातली शंभर पुरे.

शिफारसपत्रांसाठी मोठी माणसं शोधत फिरू नकोस. लेटरहेडवर ‘ही मुलगी हुशार व होतकरू आहे’ एवढंच असेल तर त्या लेटरहेडचा उपयोग नाही. तुझे सीनिअर रागीट आहेत, पण त्यांनी तुझे मसुदे तांबड्या शाईनं भरलेले आहेत. त्यांना मागे काय होतीस आणि आता काय झालीस ते सांगता येईल. कॉलेजमधल्या ज्या मॅडमनी तुझा प्रबंध तपासला त्या दुसऱ्या. दोघांना महिनाभर आधी सांग, आणि तुझा मसुदा त्यांच्या हाती दे, म्हणजे ते तेच ते लिहिणार नाहीत.

पैशाचंही आताच. चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तुझा भरतोय, पण ज्युनिअरकीचे तास मोजून कागद तयार ठेव. तिथे चार वेगळे निबंध आहेत, त्यातला एक नेतृत्वावरच. हसू नकोस, तिथेही तीच उलटतपासणी लाव. वस्तीतल्या पोरांपैकी जी अनुसूचित जातीची किंवा नवबौद्ध आहेत त्यांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती माहीत असायला हवी, वर्षाला ७५ जागा आहेत. तिला आधी विद्यापीठाचं प्रवेश दिल्याचं पत्र लागतं, म्हणजे सगळं पुन्हा या एका कागदाशीच येऊन थांबतं. त्यांनी उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेवर मिळेल असं धरून चालू नये, आजच अर्ज टाकावा. आणि यवतमाळातून सुरू झालेलं एकलव्य इंडिया फाउंडेशन आहे, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या पोरांना अशा अर्जांसाठी मदत करतं. ते उभं करणारे राजू केंद्रे शेतकरी घरातले, २०२१ मध्ये चेव्हनिंगवर लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. त्यांच्या लोकांना मसुदा दाखव. मी म्हातारा वकील, मला कलमं कळतात. यंदाचं पोर्टल कसं चालतं ते त्यांना जास्त कळतं.

पुढचा मसुदा येईल तेव्हा त्यात पहिली ओळ दुय्यम निबंधक कार्यालयातली असू दे. शेवटी ‘आपली नम्र’ वगैरे नको, समारोप नको. शेवटचा मुद्दा संपला की लिखाण संपलं.

फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच भर. तुझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, बाबांचं नाव शेवटी आहे, आणि पासपोर्टवर उलट. दोन्हीकडची व्यक्ती एकच असल्याचं शपथपत्र लागेल. ते सोमवारी वणीत करून घेऊ, नोटरी माझ्या ओळखीचा आहे. येताना दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स आण.

तुझा आबाजी